मुदत संपलेली साक्ष

मी एक जुनं प्रमाणपत्र आहे, मित्रांनो, पण भिंतीवर टांगायचं नव्हे. शाहूपुरीतल्या एका नर्सिंग शाळेच्या वेबसाईटचं मी प्रमाणपत्र होतो असं म्हणा, किंवा होतं. मेलेल्याला आता काय फरक पडतो?

माझं आयुष्य वर्षभराचं. कुणी आमची साईट उघडली की मी आधी पुढे व्हायचं आणि सांगायचं, "हा पत्ता खरोखर आमचाच." मग त्या माणसाच्या मोबाईलमध्ये आणि आमच्या यंत्रामध्ये एक गुप्त किल्ली ठरायची. त्यानंतर फॉर्म, मार्क, आधार नंबर, सगळं बंद लखोट्यातून यायचं. वाटेत कुणी पकडलं तरी त्याला वाचता येत नसे. पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसायचं. उद्घाटनाला पेढे वाटले गेले, भाषणात माझं कौतुक झालं. पुढे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मुदत संपायच्या महिनाभर आधी आठवणीची मेल गेली. मग आठवड्याआधी, मग आदल्या दिवशी. तिन्ही गेल्या बाळासोंच्या पत्त्यावर. साईट त्यांनी बसवली होती, पण ते सहा महिन्यांपूर्वीच निवृत्त होऊन आजऱ्याला राहायला गेले होते. मी संपलो आणि साईट उघडणाऱ्याला 'ही साईट सुरक्षित नाही' अशी लाल पाटी दिसू लागली. ती दिसायलाच हवी. मुदत संपलेल्याची साक्ष कुणी खरी धरू नये.

कारकून उदयसिंह यांनी त्यावर सोपा उपाय काढला. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "कायबी हुत न्हाय, तसंच पुढं जावा." पोरं पुढे जात आणि फॉर्म भरत.

गगनबावड्याच्या मुबशिरानं मात्र ऐकलं नाही. तिचे अब्बा दिलदार मिक्सर-पंखे दुरुस्त करतात. घरातली पहिली नर्स व्हायचं तिनं आठवीतच ठरवलं होतं. तिच्या गावच्या शाळेतल्या पूर्णिमा मॅडमनी शिकवलं होतं, लाल पाटी आली की थांबायचं, कुलूप असेल तिथेच माहिती द्यायची. पोरगी थांबली. आमच्या नर्सिंग शाळेचं नाव तिनं पुन्हा शोधलं, तर जवळपास त्याच नावाची दुसरी साईट निघाली. तिथे कुलूप होतं. शेवटच्या तारखेला फॉर्म तिनं तिथेच भरला.

मॅडमनी अर्धंच सांगितलं होतं. कुलूप एवढंच सांगतं, की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडचा सज्जन आहे की चोर, ते आम्हाला कुणी विचारत नाही. त्या कुलपानं तिचा लखोटा अगदी इमानानं चोराच्या हातात दिला.

आठ दिवसांनी बापलेक पावती घेऊन ऑफिसात आले. उदयसिंहांनी ती उलटून पाहिली. "पावणं, ही आमची साईटच न्हाय. आणि यादी लागलीय, जागा संपल्यात."

"तुमच्या साईटवर लाल पाटी हुती," मुबशिरा म्हणाली. "मी फोनबी केलता. तुम्ही म्हणालासा, तसंच पुढं जा."

"मग गेली का न्हाईस?"

"कारण जायचं नसतं, सर."

उदयसिंहांनी पावती तिच्यापुढे सरकवली. दिलदार खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांनी विनवणी केली, पण यादी ती यादीच. त्याच दुपारी कुणीतरी मनावर घेतलं आणि माझ्या जागी नवं प्रमाणपत्र आलं. फुकट आलं, मित्रांनो, आणि दहा मिनिटांत. ज्यांनी पाटी न वाचता पुढे जायचं बटण दाबलं ते वर्गात बसले, आणि जी शहाण्यासारखी वागली तिचं वर्ष गेलं. याचा मला आजही संताप येतो.

निघताना ती एवढंच बोलली, "पुढच्या वर्षी पाटी आली तर मीबी तसंच पुढं जाणार."

तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तुम्ही जाऊ नका. कुलूप बघा, त्याआधी पत्त्यातलं नाव एकेक अक्षर वाचा, आणि शंका आली तर थेट माणसाला जाऊन विचारा. आणि तुमच्या घरातलं कुणी ऑफिसात असेल, तर आज जेवताना त्यांना विचारा, की मुदतीच्या मेल तुमच्याकडे कोण वाचतं. उत्तर आलं नाही, तर जेवण झाल्यावर पुन्हा विचारा.