जावयाच्या पसंतीचा मोवर

मोटारीच्या कंपनीत नोकरी असलेला जावई मिळाला, की सासऱ्याला वाटतं घरात एक गॅरेजच आलं. मंदार मूळचा साताऱ्याचा. शोळिंगनल्लूरच्या गारठलेल्या ऑफिसात बसून तो गाडीच्या काचा वरखाली करणाऱ्या बटणांचं सॉफ्टवेअर लिहायचा. आयुष्यात त्याने पाना हातात धरला असेल तर तो सायकलचं सीट वर करायला. पण हे वेस्ट मांबलममधल्या सासुरवाडीला सांगणार कोण? तिथे पाण्याचा पंप बंद पडला तरी त्यालाच हाक, मिक्सर फिरेना तरी त्यालाच.

सासरे जनकोजीराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले, पण घरातली जुनी मराठी त्यांनी लोणच्यासारखी जपली होती. जावयाचा मान फार. त्या घरात जावयाचा शब्द कुणी मोडत नसे, आणि जावयाला थेट काही विचारणं म्हणजे तर उर्मटपणा. जे विचारायचं ते मुलीकडून. ऐकायला हे सगळं गोड वाटतं. पण आपला शब्द कुणी मोडणार नाही हे कळलं, की माणसाला तोंड उघडायचीच धास्ती वाटते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मंदार भेंडीच्या सांबाराला 'छान' म्हणाला होता. तेव्हापासून त्या घरात त्याच्या पानात दुसरं सांबार पडलेलं नव्हतं.

मंदार आणि त्याची बायको भवानी राहत होते ते सासऱ्यांच्या खालच्याच मजल्यावर. तोही मानच. आता कंपनीने त्याला पुण्याची बदली देऊ केली होती आणि तीन महिन्यांत होकार कळवायचा होता. मंदारला ही बदली हवी होती, तहानलेल्याला पाणी हवं असतं तशी. भवानीलाही हवी होती. ती जन्मल्यापासून वडिलांच्या हाकेच्या टप्प्यात राहिली होती. अडचण एकच, अप्पांना, म्हणजे जनकोजीरावांना, सांगायचं कसं?

त्यात केळंबाक्कमच्या पुढच्या, जनकोजीरावांच्या नारळाच्या बागेचा विषय निघाला. आजूबाजूला प्लॉट पडले, बंगले उठले, आणि बागेतल्या कंबरभर गवतातून साप येतात म्हणून शेजारी कुरकुरायला लागले. गवत कापायला माणसं मिळेनात. जनकोजीरावांनी एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या मागे कापणीयंत्र कोणतं लावायचं, हा प्रश्न केळीच्या पानावर येऊन बसला.

"भवानी, तुझ्या यजमानांस विचार," जनकोजीराव म्हणाले. यजमान समोरच बसून भेंडी चघळत होते. "कोणतें मशीन घ्यावें म्हणून."

मंदारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्र इतकं अवघड करून सांगायचं की म्हातारा हबकून जाईल आणि बाग कंत्राटदाराला देऊन मोकळा होईल. ते गळ्यातलं लोढणं एकदा सुटलं, की पुण्याचं बोलायला तोंड तरी उघडता येईल. त्याने इंटरनेटवर भरपूर वाचून ठेवलं होतंच.

"साधा स्लॅशर नको," तो म्हणाला. "तो दगड भिरकावतो, शेजारच्या काचा फुटतील. फ्लेल मोवर बरा. त्याच्या आडव्या रोटरवर छोटी छोटी पाती लोंबत असतात, दगड लागला की मागे हटतात. पण त्याचे नखरे फार. ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा अरुंद घेतला तर चाकांखालचं गवत तसंच राहतं. फार रुंद घेतला तर इंजिन दमतं, आणि जड झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. दर खेपेला ग्रीस भरायचं, गिअरबॉक्सचं तेल बघायचं, पट्टा सैल पडला का बघायचं. झावळ्यांचे धागे रोटरला गुंडाळले जातात, ते इंजिन बंद करून कापायचे. आणि एक पातं तुटलं तर त्याच्या समोरचंही बदलायचं, नाहीतर रोटर एका अंगाला ओढतो, सगळं यंत्र थरथरतं आणि बेअरिंग जातं. हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे."

त्याने आशेने वर बघितलं. जनकोजीरावांचे डोळे पाणावले होते.

"किती जाणतात बघ!" ते मुलीला म्हणाले. "सरि. असकें माप्पिळ्ळैंनी सांगितलें तसेंच घेऊं. आणि ऐऱ्यागैऱ्यांच्या हातीं द्यायचें नाही म्हणून सांगितलें, तेंही खरेंच. मशीन तेच बघतील."

सरि म्हणजे बरं, असकें म्हणजे सगळं, आणि माप्पिळ्ळै म्हणजे जावई. माप्पिळ्ळैंनी स्वतःच्या हाताने खड्डा खणला होता आणि उडीही स्वतःच मारली होती. भवानीने कपाळावर हात मारला, पण तो पदराआड.

मोवर आला. त्याला हळदकुंकू लागलं, लिंबू बांधलं गेलं, आणि मंदारचे रविवार संपले. ऊन तापायच्या आत तो बागेत पोचायचा. जनकोजीराव झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तमिळमध्ये सांगायचे, की आमच्या माप्पिळ्ळैंशिवाय या यंत्राला कुणी हात लावू शकत नाही. शेजारच्या बंगल्यातले लोक भिंतीवरून बघायचे आणि मान डोलवायचे. ग्रीसने काळे झालेले हात घेऊन मंदार ट्रॅक्टरवर बसायचा तेव्हा त्याला वाटायचं, आपण मोवर ओढत नाही, तोच आपल्याला मागून धरून बसलाय. बागेच्या या टोकाला वळायचं, त्या टोकाला वळायचं, आणि पावसाळा सरेपर्यंत गवत काही थांबायचं नाही.

एका रविवारी गवतात दडलेल्या बुंध्यावर मोवर आपटला आणि एक पातं तुटून गेलं. नवी पाती शेडमध्ये होती. पानाही होता. मंदारने शेडकडे बघितलं, झाडाखाली पेंगणाऱ्या सासऱ्यांकडे बघितलं, आणि तसाच ट्रॅक्टरवर चढला. मोवर थरथरू लागला. थरथरू दे. बेअरिंग जाईल, यंत्र पडून राहील, बाग कंत्राटदाराकडे जाईल. आपण काही मोडलेलं नाही, फक्त दुरुस्त केलं नाही, असं त्याने मनाला समजावलं. मन लगेच समजलं. अशा गोष्टी त्याला चटकन समजतात.

पुढचे काही रविवार ती थरथर वाढत गेली. मंदारला तिची लाज वाटायची आणि आनंदही व्हायचा.

होकार कळवायची मुदत संपत आली. त्या रविवारी सकाळी गाडी शोळिंगनल्लूर ओलांडून पुढे गेली, तशी भवानी म्हणाली, "मी अप्पांला सांगितलें काल. पुण्याचं."

मंदारचा पाय ब्रेकवर गेला. "काय म्हणाले?"

"काही नाही. जेवले, झोपले. सकाळी उठून बघतें तर घरांत नाहीत. फर्स्ट बसने बागेत गेले म्हणून अम्मा सांगितली."

बागेच्या फाटकातूनच ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजात मोवरचा खडखडाट. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून जनकोजीराव स्वतः ट्रॅक्टरवर बसले होते. स्टिअरिंगला असे चिकटले होते, जणू ते सुटलं तर पळून जाईल. मागे मोवर थडथड उडत होता.

"मामा, थांबा! बंद करा!" मंदार ओरडत धावला.

त्यांना काही ऐकू गेलं नाही. तेवढ्यात खाडकन आवाज झाला आणि लोखंडाचा तुकडा सीटच्या अगदी मागून जाऊन नारळाच्या बुंध्यात रुतला. जनकोजीरावांना त्याचाही पत्ता नव्हता. मंदारने धावत्या ट्रॅक्टरला गाठून हात घातला आणि इंजिन बंद केलं. हा माणूस आत्ता मेला असता, आणि माझ्यामुळे मेला असता, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

जनकोजीराव घामाने निथळत खाली उतरले. चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं हसू होतं.

"भवानी, सांग तुझ्या यजमानांस," ते धापा टाकत म्हणाले. "पुण्यास खुशाल जावें. बाग मी बघतों. वळायला आलें मला. थोडें हलतें मशीन, इतकेंच. हें मशीन असेंच हलतें काय, विचार."

भवानीने मंदारकडे बघितलं. तिचा चेहरा इतका मोकळा त्याने कधी पाहिला नव्हता.

उत्तर सोपं होतं. नाही मामा, हे असं हलत नाही. पातं तुटलं ते मी बदललं नाही, मुद्दाम. आत्ता बदलतो, मग तुम्हीसुद्धा चालवाल. एवढं बोलला असता तर सुटला असता. पण त्या घामेजल्या, आनंदी चेहऱ्यासमोर 'मुद्दाम' हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. बुंध्यात रुतलेला तुकडा तिथून स्पष्ट दिसत होता.

"असंच हलतं," मंदार म्हणाला. "तुम्हाला झेपणार नाही, मामा. माझ्याशिवाय याला कुणी हात लावायचा नाही."

जनकोजीरावांचं हसू मावळलं. ते मुलीला म्हणाले, "सरि. माप्पिळ्ळै सांगतात तर खरेंच असेल." आणि खुर्चीकडे चालू लागले. जाता जाता हळूच विचारलं, "तर पुणें?"

"नाही जात," मंदार म्हणाला.

त्या घरात जावयाचा शब्द मोडत नसत. भवानी जागची हलली नाही. "मी किती बोलले त्यांच्याशीं," ती म्हणाली. "माझ्या बोलण्यास पहिल्यांदा सरि म्हणाले ते. आयुष्यांत पहिल्यांदा, मंदार." मग ती गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर केली.

मंदारने शेडमधून पाती आणली. मोवरखाली आडवं पडून त्याने तुटलेली काढली, त्यांच्या समोरचीही काढली, नवी जोडीने बसवली, ग्रीस भरलं. बोल्ट सहज फिरत होते. ट्रॅक्टर सुरू केला तेव्हा रोटर जराही न थरथरता फिरू लागला आणि गवत बारीक होऊन मागे पडू लागलं. इतकं सरळ, इतकं आज्ञाधारक यंत्र, ते कुणीही चालवलं असतं.