सुगराबीच्या भिंतीवरचा उंचीमापक

मित्रांनो, माझ्या पोटात एक पातळ पितळी डबी आहे. तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की डबी फुगते आणि माझा काटा वर चढतो. उंच जावे तसा दाब कमी होतो, म्हणून मला उंचीमापक म्हणतात.

मी विलायतेत घडलो आणि लढाईच्या दिवसांत लष्कराच्या मालवाहू विमानात बसलो. ते विमान वाशीमचा जमशेद चालवत असे. त्याच्या घरी बांगड्यांचे दुकान होते. काच किती सोसते हे त्याच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक, म्हणून मला तो नखाने हलकीच टिचकी मारी. ब्रह्मदेशाच्या डोंगरांवर आम्ही तांदूळ, मीठ, औषधे टाकत असू. पोती झाडीत पडत आणि दिसेनाशी होत. येताना जखमी सैनिक आणत असू. ढगात शिरलो की पंखांची टोकेही दिसत नसत. डोंगर कुठेतरी जवळच असे. तेव्हा जमशेद फक्त माझ्याकडे पाही.

पुढे माझा काटा रेंगाळू लागला, तेव्हा माझ्या जागी नवा उंचीमापक बसवला. भंगारात जाणाऱ्या मला जमशेदने मागून घेतले. होळीच्या सुमारास सुटीवर आल्यावर त्याने मला घरच्या भिंतीवर टांगले आणि कळ फिरवून काटा शून्यावर आणला.

"अम्मा, शून्य म्हंजे जमीन. मी उडालो का काटा वर जाते, उतरलो का खाली येते," तो हसत म्हणाला.

"मंग तुह्या खतापेक्षा हाच बरा," त्याची आई सुगराबी म्हणाली. "तुले तं दोन ओळी लिव्हाले आळस."

ती थट्टा होती. पण जमशेद परत गेला आणि सुगराबी माझ्यासमोर बसू लागली. दुपारनंतर हवेचा दाब जरासा उतरतो, दिवेलागणीनंतर पुन्हा वाढतो. माझा काटाही तसाच थोडा चढे आणि उतरे. तो उतरेपर्यंत ती जेवत नसे.

मग पावसाळा आला. त्या महिन्यांत दाब कमीच राहतो. काटा चढला तो उतरेना. त्याच दिवसांत मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हेमसिंग आला. तो जमशेदच्या विमानतळावर माल भरत असे.

"विमान ढगात गेलं, मावशी. वापस नाही आलं. लय शोधलं."

सुगराबीने माझ्याकडे बोट दाखवले. "वरच हाय तो. पाय ना."

"इतके दिवस पेट्रोल पुरत नसते, मावशी."

"त्याले उतराले जागा भेटून नाही राह्यली. भेटन."

हेमसिंग काही बोलणार होता. जमशेदच्या बहिणीने, सरवरीने, मान हलवून त्याला थांबवले.

त्या दिवसापासून सुगराबी भरदुपारीसुद्धा धाब्याच्या छतावर पेटता कंदील ठेवू लागली. पाऊस पडताना घरावरून विमानाची घरघर ऐकू येते, असे गल्लीतली माणसे म्हणत. ती माणसे आमच्या घरी येईनाशी झाली. एकदा सरवरीने माझ्या कळीवर बोट ठेवले. काटा शून्यावर आणणे सोपे होते. पण मग भाऊ उतरला म्हणून आई दार उघडणार, आणि दारात कोण असणार? तिने बोट काढून घेतले.

थंडी पडू लागली, हवा जड झाली. काटा रोज खाली येऊ लागला. सुगराबीने अंगण सारवले, जमशेदची बाज टाकली. एका सकाळी काटा शून्यावर आला. ती दार उघडून उंबऱ्यात बसली. दिवस मावळला. कोणी आले नाही.

हवा मात्र जड होतच राहिली. मला थांबता येत नव्हते. काटा शून्याच्या पलीकडे सरकला.

"सरवरी, शून्याच्या खाली काय असते वं?"

सरवरी म्हणाली, "जमिनीच्या आत, अम्मा."

सुगराबीने माझ्या काचेवर तळहात ठेवला. "मंग कोनीतरी त्याले माती देल्ली." तिने डोक्यावरून पदर घेतला आणि मृतासाठी फातिहा म्हणायला बसली. त्या दिवशी कंदील पेटला नाही.

हिवाळा सरत आला तसा काटा पुन्हा शून्याकडे चढू लागला. सुगराबी म्हणाली, "काढ त्याले खाली. मातीतल्याले उठवू नाही." सरवरीने मला कापडात गुंडाळून पेटीत ठेवले.

मित्रांनो, कुणाला यंत्र दिलेत, तर ते काय मोजते आणि काय मोजत नाही, हे दोन्ही समजावून सांगा. माझी काच पुसा, मला ओलीपासून जपा. पण ज्या घरात कुणी कुणाची वाट पाहत असेल, त्या घरात मला टांगू नका.