पाठीवरची पट्टी

मी मापाचा ब्लाउज बोलतोय. नवा ब्लाउज शिवायला टाकताना बायका सोबत एक जुना, अंगाला बरोबर बसणारा ब्लाउज देतात ना, तोच मी. मला सणावाराला कोणी घालत नसे. लोखंडी पेटीच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत माझा मुक्काम. पण घरात लग्न निघालं की माझी आठवण व्हायची. "मापाचा कुठी ठेवला वं?" करत सगळी पेटी उलटीपालटी व्हायची. तेवढ्यापुरता का होईना, मी घरातला मानकरी असायचो.

माझा जन्म रिसोडच्या बाजारातला. तिथं सैफुद्दीनभाईंचं कटपीसचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत त्यांची बायको जैतुनबी शिवणकाम करते. डाळिंबी रंगाच्या टू बाय टू रुबियाचा मी तुकडा. मंजुषा तेव्हा नुकतीच लग्न होऊन रिठदला आली होती. माहेर अकोल्याचं, म्हणजे शहरातलं. ती लाजत लाजत म्हणाली, "भाभी, पाठीचा गळा मोठा ठेवा."

"किती मोठा?" जैतुनबीनं टेप गळ्यात टाकत विचारलं.

मंजुषानं हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर बोट टेकवलं आणि ती खुदकन हसली. जैतुनबीही हसली. त्या हसण्यातूनच मी शिवला गेलो म्हणा ना. पाठ मोकळी, बाह्या आखूड, आत सुती अस्तर, आणि पुढं अंग सुटलं तर उसवता यावं म्हणून दोन्ही बाजूंना भरपूर माया.

तसा मी एकदाच घातला गेलो, शेजारच्या बारशाला. घरी आल्यावर मंजुषाची सासू भागिरथा एवढंच बोलली, "पाठ झाकाले पाह्यजे होती." आवाज चढवला नाही की तोंड फुगवलं नाही. पुढच्या बाजाराला मला पिशवीत घालून ती स्वतः रिसोडला गेली आणि माझ्या पाठीला वीतभर रुंद पट्टी जोडून आणली. डाळिंबी कापड उरलं नव्हतं. जैतुनबीनं गाठोड्यातून मिळतंजुळतं काढलं, तरी ते जरा गडदच निघालं.

मंजुषानं मला घडी करून पेटीत ठेवलं. त्यानंतर कुठल्याच ब्लाउजसाठी तिनं गळ्याची गोष्ट काढली नाही. "याच्यासारखाच शिवा," म्हणून मला पुढं करायची. माझ्या त्या पट्टीसकट घेतलेलं माप मग तिच्या सगळ्या ब्लाउजांना लागलं आणि मी कायमचा मापाचा झालो. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण ब्लाउजाला कोण विचारतं?

जैतुनबीच्या खोलीत माझ्या बऱ्याच चकरा झाल्या. खुंटीला लटकून मी माणसांची गंमत पाहिली. आली की जैतुनबी बुरखा काढून माझ्याच शेजारी अडकवायची आणि मशीनवर बसून अख्ख्या बाजारात कोणी शिवत नसेल असे पाठीचे गळे शिवायची. एकदा एका पोरीनं तिला विचारलंच, "चाची, तुमी बुरखा घालता अन् असे गळे शिवता?"

"बुरखा माह्या मनाचा," जैतुनबी दातांनी दोरा तोडत म्हणाली, "गळा गिऱ्हाइकाच्या मनाचा. मले दोन्ही बराबर शिवता येते."

माणसांचं हे झाकणं-उघडणं मला कधी नीट उमगलं नाही. निंदायला जाताना बायका साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, हातापायांना कापड गुंडाळतात, आणि बाप्ये मात्र पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पारावर बसलेले असतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. लुगड्यातल्या म्हातारीचं पोट दिसलं, पोटऱ्या दिसल्या, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. नातीचा दंड दिसला की सगळ्यांचे डोळे मोठे होतात. शिरपूरच्या जैन देवळाला अंगावर सूतही नसलेले मुनी येतात, तेव्हा लोक हात जोडून वाट सोडतात. त्या उघड्या अंगात त्यांना त्याग दिसतो. खोलीत येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे सगळं मी आपला खुंटीवरून ऐकत राहायचो.

वर्षं गेली. मंजुषाचं अंग भरलं. पहिल्या काही वर्षांतच माझी माया दोनदा उसवून झाली, मग उसवायला काही उरलंच नाही. तोवर तिची लेक धम्मदीपा मोठी झाली होती. पोरगी हुशार. पुण्यात एका मोठ्या लॅबमध्ये कामाला लागली. तिथं बिनबाह्यांचा कुर्ता घालून ती सगळीकडे हिंडायची, पण गावाकडे येताना वाशीम जवळ आलं की गाडीतच बॅगेतून ओढणी काढून खांद्यावर घ्यायची. एका दिवाळीला तिनं सहज मला अंगात घालून पाहिलं, तर मी तिला अगदी बेतून शिवल्यासारखा बसलो. मंजुषा दारात उभी राहून बघतच राहिली. मायलेकींचं एका वयातलं माप एकच निघालं होतं.

म्हणून तर धम्मदीपाचं लग्न ठरलं तेव्हा पेटीतून मी बाहेर निघालो. नवरा मुलगा कामरगावचा, प्रसेनजित नावाचा. शाळेत शिक्षक. लग्नाची साडी पांढरीशुभ्र, बारीक जरीकाठाची. तिच्यासोबत ब्लाउजचं पांढरं कापड.

"आई, माप या ब्लाउजचं अन् गळा या फोटोचा," धम्मदीपानं मोबाईल दाखवला. पाठ मोकळी, वर फक्त एक दोरी आणि दोरीला लटकन. "फोटो मी चाचीले पाठवला हाय. तू फक्त कापड नेऊन दे."

"बरं," मंजुषा म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये काहीतरी खोट आहे हे मला तेव्हाच कळलं. रिसोडला पोचल्यावर मंजुषानं खोलीचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "भाभी, फोटो पाहू नोका. याच्यावरूनच कापा. पाठ बंद. मंग पोरीले सांगजा, कपडा पुरला नाही म्हनून."

जैतुनबीनं चष्म्यावरून पाहिलं. "झूट मी बोलू?"

"पाव्हन्याईत शंभर तोंडं, भाभी. मांडवात पाठ उघडी दिसली तं पोरीले नावं ठेवतीन. एकदाचं नाव पडलं की मंग काही बी करा, पुसत नाही." मंजुषाचे डोळे भरून आले. "तिले पुढं त्याच लोकाईत राह्याचं हाय."

तिची भीती खोटी नव्हती. तिच्या पाठीला कधीकाळी चिकटलेली तीच भीती ती आता लेकीसाठी घेऊन आली होती.

मंजुषा गेल्यावर जैतुनबीनं मला मधोमध घडी घालून त्या पांढऱ्या कापडावर अंथरलं. खडूनं खांदा आखला, बाही आखली. मागच्या गळ्याशी आली आणि तिचा हात माझ्या पट्टीवर थांबला. तिनंच जोडलेली पट्टी. तिनं कात्री उचलली, परत ठेवली. एकदा कात्री लागली की कापड पुन्हा जुळत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. शेवटी तिनं मला आणि कापडाला पिशवीत भरलं, बुरखा चढवला आणि रिठदची काळीपिवळी जीप धरली.

घरी तिघीही होत्या. धम्मदीपा लग्नासाठी रजा काढून आली होती, भागिरथा बाजेवर बसून तुरीची डाळ निवडत होती. जैतुनबीला दारात पाहून मंजुषाचा चेहरा उतरला.

"नवरीचं माप अंगावरूनच घ्याव म्हनलं," जैतुनबीनं टेप काढला. धम्मदीपाचे खांदे मोजता मोजता ती म्हणाली, "अन् मंजुषा, कपडा पुरते बरं. दोन्ही गळे बसतात."

"दोन्ही?" धम्मदीपानं मान वळवली. "दोन्ही मंजे कोनते?"

जैतुनबीनं मंजुषाकडे पाहिलं. मग मंजुषानंच मान खाली घालून सगळं सांगितलं.

धम्मदीपा ओरडली नाही. ती आईसमोर खाली बसली. "तू मले तोंडावर नाही म्हनाची होती ना, आई. मी भांडली असती, रडली असती, पन ते तुह्यासमोर झालं असतं. तू तं मले मांडवात उभी करून कपडा पुरला नाही म्हननार होती."

"तुह्या भल्यासाठीच करून राह्यली होती मी."

तेव्हा जैतुनबीनं मला पिशवीतून काढलं आणि पाठ वर करून मंजुषाच्या मांडीवर ठेवलं. "अन् हे पट्टी? हे बी भल्यासाठीच लागली होती ना?"

मंजुषाचं बोट माझ्या शिवणीवरून फिरलं. इतक्या वर्षांत तिनं त्या पट्टीला असा हात कधी लावला नव्हता. मला रडू आलं असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

"तिले कायले इचारतं, जैतुन? मले इचार," बाजेवरून भागिरथा बोलली. सूप बाजूला सरकलं. "पट्टी म्याच लावाले लावली. काहून लावली ते आयका. माह्या मायले गावानं गुडघ्याखाली लुगडं नेसू देलं नोतं. आपल्या बाया लांबूनच वळखू आल्या पाह्यजे म्हनून. मंग बाबासाहेबानं सांगतलं, अंगभर नेसा, मानानं चाला. एक दिवस मायनं घोट्यापर्यंत लुगडं सोडलं अन् भर रस्त्यानं निंघाली. मी लहान होती, तिचं बोट धरून. लोकं पाहून राह्यले होते, अन् माय हासत होती. तवापासून अंगभर कपडा मंजे इज्जत, हेच माह्या डोक्यात बसलं."

बाहेर कोंबडी कुणावर तरी चिडून ओरडत होती.

"पन आता तुमचं आयकून मले येगळंच सुचून राह्यलं," म्हातारी सावकाश म्हणाली. "मायले उघडी राह्य म्हननारे दुसरेच होते. मंजुषाले झाक म्हननारी मी होती. आता या पोरीले झाक म्हननारी मंजुषा. माय हासली, कारन तिनं सोताच्या मनानं नेसलं होतं. या दोघीले कोनी इचारलं?"

धम्मदीपानं आईचा हात हातात घेतला. "पाव्हने काय म्हनतीन, याची भीती मले बी हाय, आई. पन गळा फोटोचाच ठेवू. पदर कुठी घ्याचा अन् कुठी सोडाचा, ते मी पाहीन."

मंजुषानं मला उचलून जैतुनबीच्या हातात दिलं. "कापा भाभी, फोटोसारखंच कापा. पन पह्यले हे उसवा."

जैतुनबीनं पात्याच्या टोकानं एकेक टाका सोडवला. पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली दबलेली माझी कड वर आली. बाकी मी पार विटून गेलोय, पण तेवढी कड अजून कोऱ्या कापडासारखी डाळिंबी होती. पाठीला वारा लागला. तो कसा असतो हे मी विसरून गेलो होतो.

लग्नात मी नव्हतो, मापाच्या ब्लाउजाला आमंत्रण नसतं. पण पुढं घरात जे बोलणं झालं ते ऐकलं. पांढऱ्या साडीत धम्मदीपानं बुद्धवंदना घेतली. मागच्या रांगेत दोन बायका कुजबुजल्या, आणि तिघीचौघी पोरींनी हळूच विचारलं की ब्लाउज कोणी शिवला. एका पाहुणीनं मंजुषाला गाठून म्हटलं, "पाठ लयच मोकळी ठेवली वं पोरीची." मंजुषानं उत्तर दिलं, "तिची हाय." त्या पाहुणीला उत्तर आवडलं नाही. सगळ्यांना आवडेल असं उत्तर मंजुषाकडे नव्हतंही.

लग्नाची धावपळ सरल्यावर एका बाजाराला मंजुषा मला घेऊन पुन्हा जैतुनबीकडे गेली. मला वाटलं, झालं, आता कोणाचं तरी माप. पण ती म्हणाली, "भाभी, मले हा घालाचा हाय. बाजूनं होत नाही."

"माया तं संपली याची," जैतुनबीनं शिवण चाचपली. डाळिंबी कापड आता कुठून आणायचं? मग तिनं मशीनच्या खणात जपून ठेवलेली ती पाठीची उसवलेली पट्टी काढली. मधोमध कापली आणि अर्धी या काखेखाली, अर्धी त्या काखेखाली जोडून दिली.

तर असा आहे मी आज. पट्टी तीच, मात्र आता तिच्यामुळेच मंजुषा मला घालू शकते. मापाचा मान गेला, पण त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याही पेटीच्या तळाशी माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. त्याच्यावरून लेकीचं, सुनेचं कापड बेतायच्या आधी तिला एकदा हाक मारून विचारा, एवढंच माझं मागणं आहे. झाकायचं म्हणाली तरी तिचं, नाही म्हणाली तरी तिचं.

आज मंजुषा लेकीला भेटायला कामरगावला निघाली आहे. आरशापुढं उभी राहून तिनं मला अंगात घातलं, हुक लावले, पदर पाठीवरून ओढून घेतला, आणि मग थोडा विचार करून खांद्यावर सोडला. दारात बाजेवर भागिरथा बसली होती. तिनं सुनेच्या पाठीकडे एकदा नीट पाहिलं. मी श्वास रोखून धरला.

"ऊन लय हाय, पाठीले चटका बसन," म्हातारी म्हणाली. "छत्री घेऊन जाय."

मंजुषा हसली, अगदी त्या पहिल्या दिवशी हसली होती तशी. खुंटीवरची छत्री घेऊन आम्ही निघालो. एसटी येतेय, तेव्हा येतो मी.