मागच्या खोलीतली शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुनी पायडलची शिलाई मशीन आहे. दिंद्रुडच्या बाजाराच्या रस्त्यावर सिद्धारामअप्पांचे किराणा दुकान आहे. त्या दुकानामागच्या खोलीत मी राहते. माझे लोखंड कुठे ओतले गेले ते मला आठवत नाही. मला टेम्पोतून उतरवले तेव्हा दारात एक नवी नवरी उभी होती, तेवढे आठवते. तिचे नाव जगदेवी, अप्पांची बायको. तिने पदराने माझे चाक पुसले, त्याला विभूती लावली आणि त्याच दुपारी पहिले झबले शिवले.

तेव्हा मी घरापुढच्या ओट्यावर होते. सकाळचे ऊन माझ्या फळीवर आणि तिच्या हातांवर पडायचे. धारूरच्या बायासुद्धा ब्लाऊज तिच्याकडेच टाकायच्या. तिच्या पायाला असा वेग होता की माझा पट्टा तापायचा.

पुढे रस्ता रुंद झाला आणि ओटा गेला. दुकानाला शटर लागले. मला मागच्या खोलीत नेले. तिथे खिडकी नाही, दिवसाही ट्यूब लावावी लागते. घरात नळ आला, गॅस आला, आणि जगदेवीला बाहेर पडायचे कारणच उरले नाही. कधी बाजारात निघालीच तर तोंडाला स्कार्फ आणि हातात मोजे. आमच्या भागात उन्हाची काय कमी? तिला ऊन कमी पडत असेल, असे कुणाच्या मनातही आले नाही.

मला मात्र बदल जाणवू लागला. पायडलवरचे तिचे पाय लवकर थकायचे. स्टुलावरून उठताना ती दोन्ही तळहात माझ्या फळीवर दाबायची, मग कशीबशी उभी राहायची. चालताना डुलायची.

"अवो, मांड्या आन् कंबर लई दुखायलीय. उठवतच न्हाई," ती एकदा म्हणाली.

"दिवसभर मशीनवर बसल्यावर दुखंल न्हाई तर काय?" अप्पा म्हणाले आणि दुकानातली दुखण्याची गोळी आणून दिली. पुढे त्या गोळ्या रोजच्याच झाल्या.

शेजारच्या केशरबाई हसायच्या. "आगं, अजून पन्नाशी न्हाई आन् म्हातारीवानी का चालायलीस?"

लेकीच्या, मोहिनीच्या लग्नात जगदेवी विहिणींच्या पंगतीत जमिनीवर बसली आणि तिला उठताच येईना. दोघींनी काखेत धरून उचलले. कुणीतरी म्हणाले, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" घरी आल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. सुईत दोरा नव्हता, फळीवर कापड नव्हते, तरी ती कितीतरी वेळ पायडल हलवत रडत राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी ती स्टुलावरून उठली, वळली आणि खाली बसली. पडली म्हणावे अशी पडलीसुद्धा नाही. पण तिच्या खुब्यातून आलेला आवाज मी ऐकला. तिला आंबाजोगाईच्या दवाखान्यात नेले.

ती परत आली ती खाटेवरच. मोहिनी केशरबाईंना सांगत होती, "डॉक्टर म्हणले, अंगाला ऊनच न्हाई, म्हणून अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. त्यानं हाडं मऊ पडली, मांड्यांतला जोर गेला. खुब्याच्या हाडाला आधीच बारीक तडा हुता. माय त्याच पायावर चालत हुती."

केशरबाईंनी तोंडाला पदर लावला.

अप्पा दारात उभे होते. "मी नुसत्या गोळ्या देत गेलो," ते म्हणाले. "एकदाबी दवाखान्यात न्हेलं न्हाई."

"मीबी कुठं हट्ट केला?" जगदेवी म्हणाली. "बाईच्या जातीला दुखणं आसायचंच, आसं समजले."

मग डॉक्टरांनी दिलेली औषधे सुरू झाली. सकाळी गच्चीवर उन्हात तिची खुर्ची पडू लागली. हळूहळू अंगदुखी गेली, हातापायांत बळ आले. पण ऑपरेशन करून खुब्यात सळई बसवली आहे आणि एक पाय आखूड राहिला. पायडल मारले की तिच्या खुब्यात कळ येते. आता माझ्यावर जुने लुगडे टाकून ठेवले आहे. माझा पट्टा सैल पडला आहे.

परवा मोहिनी माहेरी आली होती. तिने लुगडे बाजूला करून माझे चाक फिरवून पाहिले. "माय, मशीन मी न्हेऊ का? तिकडच्या बाया शिवायला टाकत्याल."

"न्हे की," जगदेवी आनंदाने म्हणाली. "ठेवशील कुठं?"

"मागं एक खोली हाय, अडगळीची. थोडा अंधार हाय, पण बल्ब लावीन."

जगदेवीने लेकीच्या हातातून लुगडे घेतले आणि पुन्हा माझ्यावर नीट पसरले.

"मग न्हाई देत," ती म्हणाली.

मित्रांनो, माझा सांधा आखडला तर तेलाच्या चार थेंबांनी सुटतो. माणसाचे तसे नसते. तुमच्या घरात कुणी 'उठवत नाही' म्हणाले, तर त्याला आळस म्हणू नका, वय म्हणून सोडून देऊ नका. त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आणि दिवसभर आत राबणाऱ्या तुमच्या आईच्या अंगावर ऊन शेवटचे कधी पडले, ते आज घरी गेल्यावर तिला विचारा.