पानमळ्यातली चाहूल

“पायातलं काढ, मास्तर! पानमळा हाये हा, तुही शाळा नोहे.”

गोजरमावशी फाटकातूनच ओरडली आणि मी मुकाट्याने चपला काढल्या. ती माझी सख्खी मावशी. पण मळ्याच्या फाटकाशी ती कुणाची कुणी लागत नसे. मागे एकदा शेतकी खात्याचा साहेब जीप घेऊन आला होता. हिने त्याचे बूट काढवले, मोजे काढवले आणि मगच त्याला आत सोडलं. बिचारा साहेब काटे चुकवण्याच्या नादात कोंबडीसारखा चालत होता. त्याने आत काय पाहिलं असेल, ते त्याचं त्यालाच माहीत.

आम्ही बारी. पानमळा हाच आमचा धंदा आणि तोच आमचा देव. देवाच्या अंगणात वाहाणा घालून गेलं की वेल जळते, हे मावशीच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. माझी बदली जळगाव जामोदकडच्या शाळेत झाली आणि मी मावशीकडे राहायला आलो. शाळा सकाळची. दुपारी जेवून मळ्यात जाऊन पडायचं, एवढंच मला काम. बाहेर उजेड डोळ्यांत खुपायचा आणि आत मात्र हिरवा अंधार. शेवरीच्या झाडांवर वेली चढलेल्या, पाटाचं पाणी कुठेतरी बोलत असायचं, ओल्या मातीचा आणि पानांचा तिखट वास सगळीकडे भरलेला. थोड्याच वेळात डोळे जड व्हायचे. मग आपण जागे आहोत की झोपलोय, तेच समजायचं नाही. वेलींच्या ओळीतून कुणी हळूच चालत गेल्यासारखं वाटायचं. मावशीला सांगितलं की ती हसायची.

“तुहे काका असतीन,” म्हणायची. “त्याइले घरी कुठं करमते!”

मावशीचे यजमान कडूबाकाका जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

मावशीच्या घरात ‘पान’ हा शब्द दिवसभर वाजत असे. वेलीचं पान तर होतंच. पण जेवायला हाक मारायची तर “मास्तर, पान वाढलं.” मी पोथी वाचायला बसलो आणि डुलकी लागली, तर “पान उलटव न बे, देव कवाचा जंगलातच उभा हाये!” विळा चालेना झाला की त्याचं पान बोथट. कुणाची सोयरीक जमली की पानसुपारी. गावातलं म्हातारं माणूस गेलं की पिकलं पान होतं, गळालं. सून कोकिळा दोन दिवस माहेरी गेली, की हिचं पान हलत नसे; आणि आली की दिवसभर तिच्याशी भांडण. अहो, एवढ्याशा शब्दावर त्या बाईने सगळा संसार रेटला होता.

आणि आमच्याकडे साप चावला, तरी ‘पान लागलं’ असंच म्हणतात. त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की तो येतो. कडूबाकाकांना मळ्यातच पान लागलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मावशी मात्र त्यातलं काहीच बोलायची नाही. “तुहे काका गेले,” एवढंच म्हणून ती उठायची आणि उगाच पाटाला पाणी आहे का ते बघायची.

आषाढ सरत आला आणि सहदेव आजारी पडला. सहदेव म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा. मळ्याचं सगळं तोच बघायचा. पानं खुडायला आली होती आणि हा आपला घोंगडी पांघरून ओसरीवर पडलेला. व्यापारी अब्दुल गनी दारात येऊन बसला. पानांच्या डाली, म्हणजे बांबूच्या टोपल्या, मलकापूरला रेल्वेवर चढवायचं काम त्याचं.

“गोजरबाई, पान वेलीवरच पिवळं पडून राह्यलं. मी पुढं काय देऊ, मेरा सर?”

“ताप उतरू दे न, गनीभाई. मंग नेजो.”

संध्याकाळी विहिरीवर कोकिळेने मला गाठलं. “भाऊजी, तुमाले म्हणून सांगतो. त्याइले ताप नाई, भेव हाये. ओळीत मोठं जनावर दिसलं. तवापासून फाटकाजवळ गेले का घाम फुटते. बापाले जाताना पाह्यलं हाये न त्याइनं. आत्याबाईले कोन सांगंन?”

मग तिने दुसरं गुपित सांगितलं. तिने गनीभाईकडून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मागवले होते. ते धान्याच्या कणगीमागे लपवलेले होते. मावशीशी बोलायची कामगिरी अर्थातच माझ्यावर आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

रात्री जेवताना मी विषय काढला. “मावशी, वेल चामड्याने जळते ना? समजा, रबराचे बूट असले तर?”

“रबर का देवानं सांगतलं व्हतं?” तिने माझ्या पानात भाकरी आदळली. “जेव गुमान. शिकलेलं मानूस लय आडवं बोलते.”

पालथ्या घड्यावर पाणी! मी गुमान जेवलो. पण त्या रात्री ती जेवली नाही, हे कोकिळेने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहदेव स्वतःच उठला. डाल काखेत घेऊन मळ्याकडे निघाला. मागे मावशी, कोकिळा आणि मी. फाटक उघडून त्याने एक पाय आत टाकला आणि तसाच उभा राहिला. ओल्या मातीवरचा त्याचा उघडा पाय लटलट कापत होता. चांगला दांडगा गडी. पण पुढचं पाऊल काही पडेना. त्याने पाय मागे घेतला आणि फाटकाला धरून खाली बसला.

“माय, मले जमत नाई व. पाय टेकवला का बाप दिसते. मले भेकड म्हण, काई म्हण. मळा मोडून टाकू.”

मळा मोडायचा म्हटल्यावर आता ही त्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. मावशी मात्र वळून घराकडे गेली. परत आली ती ते बूट छातीशी धरून.

“कणगीमागं लपवले त मले दिसत नाईत काय, व कोकिळे? घर माहं हाये.”

पाटाशी बसून तिने ते बूट धुतले. आतून धुतले, बाहेरून धुतले, पदराने पुसले. कोकिळेच्या कपाळावरचं कुंकू बोटाने घेतलं आणि दोन्ही बुटांना लावलं. मग कुणाकडेही न बघता बोलायला लागली.

“साप चावला तुह्या बापाले. साप.”

तिच्या तोंडून मी तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला. कोकिळेने पदर तोंडाशी धरला.

“आदल्या दिवशी त्यानं मले म्हनलं व्हतं, गोजरे, मळ्यात कायतरी सळसळते, उद्या वाहाणा घालून जातो. म्या नाई म्हनलं. देव कोपंन म्हनलं. हासला, आन् तसाच गेला अनवाणी.” तिने बूट त्याच्यापुढे धरले. “लेकाले बी तसाच धाडू का आता? घाल हे.”

“आन् वेल जळली त?”

“बूट आत म्या धाडले, तू नाई. कोपायचं त माह्यावर कोपंन. आजपासून माहा पाय मळ्यात पडनार नाई. हे देवाले सांगून टाकलं म्या.”

सहदेव रडत होता. लहान मुलाला घालावेत तसे तिने ते बूट त्याच्या पायात चढवले आणि त्याला आत ढकललं.

वेल काही जळली नाही. नागपंचमीला साऱ्या घराने मळ्यात पूजा केली. मावशीने बाहेरूनच हात जोडले. सगळी हयात त्या हिरव्या सावलीत काढलेली बाई आता फाटकाबाहेरच्या दगडावर बसून पानं निवडायची. “चल न मावशी, कोन पाह्यते!” मी एकदा म्हणालो. “ज्यानं पाह्याचं थो पाह्यते,” ती म्हणाली.

दुपारी मी तिच्याशेजारी जाऊन बसायचो. ती डोळे मिटून असायची. मला वाटायचं, झोपली. आत सहदेवचे बूट चिखलात थप् थप् वाजत असायचे, या ओळीतून त्या ओळीत. तो आवाज थांबला, की तिचे हात पानांवरच थांबायचे.

“सहदेवऽ!”

“हाव, मायऽ!”

थप्, थप्. आणि मावशी पुढचं पान उचलायची.