‘व’च्या पोटातली रेघ

आमच्या शहराला नावं ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही. नदी आहे, पण तिचं पाणी चहाच्या रंगाचं. पूल आहे, पण गाड्या त्यावरून भुर्रकन निघून जातात, थांबत कुणी नाही. डास मात्र बारमाही मुक्कामाला. "तिथे आहेच काय?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. अहो, संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर तासन्‌तास बसा, ‘का बसलात’ म्हणून कुणी विचारणार नाही! हे सुख काय रस्त्यावर पडलंय?

मी पाट्या रंगवतो. अक्षराची कड माझी, त्यात रंग भरायचं काम बायकोचं. बायको मोठ्या शहरातली. लग्न करून आली त्या दिवसापासून तिचा एकच घोष. इथे कुणालाच घाई कशी नाही? भाजीवाली गप्पाच मारत बसते. शिंपी दिलेल्या दिवशी कपडे देईल तर शपथ. स्वतः ही बाई कोथिंबीर आणायला दुपारी जायची आणि दिवेलागणीला परत यायची, ते सोडा.

शेवटी तिच्या दादाने तिकडे एक दुकान बघितलं. "भाऊजी, या आठवड्यात येत असाल तर तुमचं, नाहीतर दुसरा उभाच आहे," म्हणाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. तिच्या सुखासाठी मी "जाऊ या" म्हणालो आणि पायऱ्यांवर जाऊन ढसाढसा रडलो. शिंप्याने आपल्याकडच्या कुणाच्यातरी सदऱ्याने माझे डोळे पुसले.

जाण्याआधी हातात एकच काम होतं. पुलाच्या तोंडाशी लावायची मोठी पाटी: ‘नदीकाठी वसलेले शहर आपले स्वागत करते’. मी कडा काढल्या, बायकोने रंग भरला आणि सकाळी माणसं पाटी घेऊन गेली. भरून येईल म्हणून मी बघायलाही गेलो नाही.

दुपारी नगराध्यक्षबाईंचा फोन आला.

"पेंटर, काय लिहून ठेवलंत हे? ‘नदीकाठी बसलेले शहर’? पाहुणा आला तर माणसं उठून उभी राहतात. तुमचं शहर स्वागत करतंय, तेही बसल्या जागेवरून!"

धावत गेलो. खरंच की! ‘व’च्या पोटात तिरकी रेघ. शाळेत पोटफोड्या ‘ष’ शिकलो होतो, पण पोटफोड्या ‘व’ जन्मात पाहिला नव्हता. पाटीखाली ही गर्दी! पुलावरच्या गाड्या थांबत होत्या, लोक उतरून फोटो काढत होते. शिंपी कठड्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, "खोटं काय आहे त्यात? बसलेलंच आहे."

मी शिडी लावली. बायकोने खालून धरली. मी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि शिडी गदागदा हलायला लागली.

"अगं, पाडतेस का काय!"

"पुसू नका ना."

"का?"

"ती रेघ मी मारलीय."

मी वरून खाली पाहिलं. बाईसाहेबांचं नाक लाल झालं होतं.

"मला वाटलं, पाटी चुकली की पुन्हा रंगवावी लागेल, वाळायला वेळ जाईल, तोवर दादा दुकान दुसऱ्याला देईल. मला नाही जायचं हो कुठे."

"मग तोंडाने सांगायचं ना!"

"कुठल्या तोंडाने? इतकी वर्षं याच तोंडाने शिव्या घातल्या इथल्या डासांना! आणि तुम्हीच तर ‘जाऊ या’ म्हणालात."

"मी तुझ्यासाठी म्हणालो, खुळे!"

ब्रश हातातून सुटला आणि नेमका शिंप्याच्या टकलावर पडला. तो उठलासुद्धा नाही. "कुणाचा सदरा असेल तर द्या," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात नगराध्यक्षबाई तरातरा आल्या. पाटी तशीच, आणि पेंटर बायकोच्या शेजारी कठड्यावर बसून खुदुखुदु हसतोय, हे बघून त्या भडकल्याच. बोलायला तोंड उघडलं, पण चालून दमल्या होत्या. शिंप्याने सरकून जागा दिली, म्हणून त्याही टेकल्या. टेकल्या त्या टेकल्याच.

"राहू दे मेलं," थोड्या वेळाने त्या पाय चोळत म्हणाल्या. "निदान थांबतात तरी लोक."

मग बायकोच्या दादाचा फोन आला. पाटीचा फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता. तिकडून त्याचं खो खो हसणं मलासुद्धा ऐकू येत होतं. "काय गं, बसलं म्हणे तुमचं शहर?"

"हो रे दादा," बायको म्हणाली. तिने माझा हात घट्ट धरला होता. "दुकान देऊन टाक दुसऱ्याला. आम्हीपण बसलोय, आता उठवू नकोस."