पाहुणीची वही

बसमध्ये चढण्याआधी त्या मुलीनं पुढं जाऊन नंबराची पाटी वाचली, मग मागं जाऊन तीच पाटी पुन्हा वाचली. हुहाना आरशातून बघत होती. सत्तावीस वर्षं ती त्या किनाऱ्यावर शाळेची बस चालवत होती. पाटी वाचून चढणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

"पुढं दरड कोसळलीय," हुहाना म्हणाली. "रस्ता सकाळी उघडेल. दुकानाच्या पायरीवर झोपायचा विचार असेल तर सोड. इथली कुत्री उशाला येऊन बसतात."

"तुम्ही कुठं राहता?"

"खाली, समुद्रावर. मी आणि माझा भाऊ."

"भाऊ," मुलगी म्हणाली. तिनं रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग चढली. शेवटचं पोर केव्हाच उतरलं होतं, सगळी बस रिकामी होती, तरी ती दाराजवळच्या बाकावरच बसली, पाठीवरची सॅक मांडीवर घेऊन. तिचं नाव ग्रीट. बेल्जियमची. चार महिने एकटी फिरत होती.

घरी हुहानाचा भाऊ पारातेने ओट्यावर शेवंडी पकडायचे पिंजरे विणत बसला होता. जंगलात लाकडं तोडताना त्याच्या कमरेवर ओंडका पडला, तेव्हापासून हेच काम. त्यानं सॅककडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि ती हात धुवायला आत गेल्यावर बहिणीला विचारलं, "आणलीस आणखी एक?"

"दरड पडलीय रे."

"दोन वर्षांपूर्वीपण पडली होती."

दोन वर्षांपूर्वी असाच एक पाठपिशवीवाला हुहानानं रस्त्यावरून उचलून आणला होता. गोड बोलायचा. दोन ताटं जेवला, टेकडीवर कोण राहतं, झरा कुठं आहे, सगळं विचारलं, फोटो काढले. तीन महिन्यांनी टेकडीवर लाल फिती बांधलेल्या मोजणीच्या खुंट्या उभ्या राहिल्या. त्यांची आई, आजा, पणजा जिथं पुरलेले, ती जागा त्याला पाठवणाऱ्या जमीन-कंपनीच्या नकाशावर 'पडीक' म्हणून दाखवलेली. प्रकरण माओरी जमीन न्यायालयात गेलं. पुढच्या महिन्यात सुनावणी होती. त्या माणसाला घरात कुणी आणलं, हे वस्तीत एकानंही हुहानाला तोंडावर विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

जेवायला डुकराच्या हाडांबरोबर शिजवलेला पाला होता, रताळी होती, तळलेला पाव होता. ग्रीटनं सॅक टेबलावर ठेवली. पारातेनेनं ती एका हातानं उचलून जमिनीवर ठेवली.

"टेबलावर जेवण असतं," तो म्हणाला.

"माफ करा." मुलगी लाल झाली. पाव तोंडाजवळ नेला, तेवढ्यात पारातेने डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागला; तिनं तो तसाच हातात धरून ठेवला. हुहानाला तिची दया आली आणि त्याच वेळी स्वतःचा रागही आला. दयेनंच मागच्या वेळी घात केला होता.

पण मुलगी जेवता जेवता विचारू लागली. शेजारी कोण राहतं? हाक मारली तर ऐकू जाते का? इथून वर जायला हा एकच रस्ता, की टेकडीवरूनपण आहे?

पारातेनेनं चमचा खाली ठेवला. "टेकडीचं काय काम आहे?"

"काही नाही. सहज."

"सहज विचारणारे आम्ही पाहिलेत."

"पारा, जेव," हुहाना म्हणाली.

"जेवतोय की. मी काय उपाशी बसलोय?"

जेवण झाल्यावर अजून उजेड होता. ग्रीट फोन घेऊन घरामागच्या चढावर गेली आणि तिथं फोन वर धरून इकडेतिकडे फिरू लागली. टेकडीकडेच तोंड होतं तिचं. तिची वही ओट्यावरच्या बाकावर राहिली होती. पारातेनेनं ती उचलली.

"ठेव ती. दुसऱ्याची आहे."

"टेकडी कुणाची आहे?" असं म्हणून त्यानं वही उघडली.

शेवटच्या भरलेल्या पानावर त्यांचं घर काढलेलं होतं. पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, मोटारबोटीची शेड, रस्त्याकडे जाणारी वाट आणि वाटेवर बाणाची खूण. कोपऱ्यात टेकडी. खाली दोघांची नावं. बाकी मजकूर दोघांनाही वाचता येईना. पण आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात. सगळ्यांत वर हुहानाच्या बसचा नंबर होता.

"आता बोल," पारातेने म्हणाला.

सुनावणीत कंपनीचा वकील उभा राहून हाच कागद दाखवतोय, आणि सगळी वस्ती मागच्या बाकांवरून आपल्याकडे बघतेय, असं हुहानाला दिसायला लागलं.

"हाकलू का?"

"सकाळी मी विचारते. घरात घेतलंय ते मी."

मुलगी परत आली तेव्हा वही बाकावर होती तशीच होती. हुहानानं तिला लेकीची खोली दिली. लेक पर्थला होती, तिथं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहायची.

सकाळी चहा ओतताना हुहानानं सरळच विचारलं. "तुझ्या वहीत माझ्या बसचा नंबर आहे. कुणासाठी लिहिलास?"

ग्रीटनं कप खाली ठेवला. "तुम्ही वही वाचलीत?"

"वाचली. चूक झाली. आता तू सांग."

पारातेने दारात उभा होता. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "आईसाठी," ती म्हणाली. "अनोळखी घरी राहिले की मी सगळं लिहून तिला पाठवते. गाडी कुठली, माणसं कोण, घर कसं, दारं कुठं. काल इथं फोन लागेना म्हणून वर गेले होते."

"कशासाठी पाठवतेस?"

"म्हणजे, कधी काही झालं तर…" ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "शहरात ज्या लॉजमध्ये राहिले, तिथल्या बाईनं सांगितलं होतं, त्या माओरी वस्त्यांमध्ये रात्र काढू नकोस म्हणून."

मग पारातेने हसायला लागला. चौकट धरून, कंबर दाबून हसत राहिला. "हना, ऐकलंस? आपण हिला कंपनीची समजतोय, आणि ही आपल्याला खुनी समजतेय. मी रात्रभर हिच्यावर पहारा ठेवला गं."

हुहाना हसली नाही. चोर म्हणून ही मुलगी सापडली असती तरी इतकं लागलं नसतं, असं तिला वाटलं. तिनं हात पुढं केला. "आण ती वही. पेनपण दे."

पानावर तिचं नाव 'उआना' असं लिहिलं होतं. तिनं ते खोडून ठळक अक्षरांत नीट लिहिलं. पारातेनेचंही दुरुस्त केलं. पुढं आडनाव घातलं, घरचा फोन नंबर घातला.

"असं पाठव," ती म्हणाली. "उआना नावाचं इथं कुणी नाही. तू हरवलीस तर पोलीस बिचारे कुणाला धरणार?"

"मी ते पान फाडून टाकते."

"कशाला? आईच्या जिवाला तेवढाच आधार. चहा पी, गार होतोय."

ग्रीटचे डोळे भरून आले होते. हुहानानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. एरवी कुणाच्याही ठेवला असता.

दरडीपाशी कामगारांनी माणसांपुरती वाट काढली होती. पलीकडे दुसरी गाडी उभी होती. ग्रीट उतरली, पायरीपाशी घुटमळली. "तुम्ही माझ्याशी फार चांगलं वागलात," ती म्हणाली.

"जा. ती गाडी थांबायची नाही."

मग हुहानानं बस वळवली आणि एकेका फाटकापाशी थांबत पोरं घेतली. रोजच्यासारखी नावं घेऊन त्यांना आत बोलावलं, एकाच्या बुटाची नाडी बांधली, दोघींचं भांडण मिटवलं. पोरांना काही वेगळं जाणवलं नाही.

घरी परतली तेव्हा पारातेने किनाऱ्यावर पिंजरे होडीत चढवत होता. ती चादरी काढायला लेकीच्या खोलीत गेली. पांघरुणांच्या घड्या नीट घातलेल्या होत्या. पलंगाजवळची खुर्ची मात्र दाराशी होती. त्या घरात एकाही खोलीला कडी नव्हती. कधी लागलीच नव्हती. दाराच्या मुठीखाली, गेल्याच नाताळात दिलेल्या निळ्या रंगावर, खुर्चीची पाठ घासून पांढरा ओरखडा उठला होता.

हुहानानं फडकं ओलं करून तो पुसून पाहिला. जाईना. तिनं खुर्ची उचलून पलंगापाशी नेऊन ठेवली. मग लेकीचा जुना कोट खुंटीवरून काढून मुठीला असा अडकवला की ओरखडा झाकला जावा.

"गेली का गं?" पारातेनेनं खालून हाक मारून विचारलं.

"गेली," ती खिडकीतून म्हणाली, आणि चादरी बादलीत भिजवायला घेऊन गेली.